भूमिपात, महाराष्ट्रातील : निरीक्षण व नोंद यांचा इतिहास

डोंगरउतारावरील खडक, मुरूम, माती किंवा त्यांचे मिश्रण गुरुत्वाकर्षणामुळे अल्पावधीत उताराच्या दिशेने घसरते, ओघळते किंवा कोसळते, या क्रियेस भूमिपात म्हणतात. मराठीत यासाठी ‘दरड कोसळणे’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. बर्फाच्छादित पर्वतांत हिमाचे थर याच रीतीने घसरतात. त्यांस हिमलोट म्हणतात. महाराष्ट्रातील डोंगरांवर हिम साचत नसल्याने येथे हिमलोट होत नाहीत. तथापि निरीक्षणाच्या दृष्टीने दोन्ही घटनांतील अडचण एकच आहे. घटना काही सेकंदांत किंवा मिनिटांत घडून जाते. ती पुष्कळदा वस्तीपासून दूर, धुक्यात अथवा रात्री घडते. आणि तिची खूण कालांतराने नाहीशी होते. हिमलोटाचा ढीग उन्हाळ्यात वितळतो, तर कोसळलेल्या दरडीवर काही पावसाळ्यांतच गवत व झुडपे उगवतात. त्यामुळे वेळीच लिहून न ठेवलेली घटना पुढील अभ्यासकाच्या दृष्टीने घडलीच नाही, अशी स्थिती होते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जून २००९ मध्ये भूमिपात व हिमलोट या दोहोंसाठी एकत्रित मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली.

महाराष्ट्रातील नोंदींचा क्रम पाहिला असता असे दिसते की, उतारांकडे नियमित लक्ष देण्याची पद्धत प्रथम वाहतुकीच्या मार्गांवर रुजली. नंतर जेथे मनुष्यहानी झाली तेथे चौकशी होऊ लागली. आणि उतारांची त्यांच्या स्वतःसाठी पद्धतशीर नोंद करण्यास अगदी अलीकडे प्रारंभ झाला. या क्रमाचे परिणाम डोंगरातील वाड्यावस्त्यांना भोगावे लागले आहेत.

भूरचना व कारणे : राज्याचा बहुतेक भाग बेसाल्ट या अग्निज खडकाच्या जवळजवळ आडव्या थरांनी बनलेला आहे. हे थर लाव्ह्याच्या एकापाठोपाठ झालेल्या प्रवाहांतून तयार झाले असून दोन प्रवाहांच्या दरम्यान काही ठिकाणी तांबड्या मातकट द्रव्याचा पातळ थर आढळतो. वरच्या सच्छिद्र व भेगाळ खडकातून झिरपलेले पाणी या मातकट थरापाशी अडते आणि वरील भाराला घसरण्यास अनुकूल पृष्ठ मिळते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उष्ण व दमट हवामानामुळे खडकाचे रासायनिक विदारण खोलवर झालेले असून त्यावर मुरूम व माती यांचे जाड आवरण असते. कोकणात व काही माथ्यांवर जांभा खडक आढळतो. घाटमाथ्यावर दरवर्षी ५,००० मिमी. व काही ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. वार्षिक पावसापेक्षा त्याची तीव्रता अधिक महत्त्वाची ठरते. उदा., २२ व २३ जुलै २०२१ या दिवसांदरम्यान महाबळेश्वर येथे चोवीस तासांत ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला. अशा पावसात मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात, पाण्याचा दाब वाढतो, कणांमधील घर्षण कमी होते आणि एरवी स्थिर असणारा उतार तोल गमावतो. रस्त्यासाठी पायथा तोडणे, वृक्षतोड, उतारावर सपाटीकरण करणे आणि नैसर्गिक ओहळ बुजविणे, या मानवी कृतींमुळे हा धोका वाढतो.

नोंदीतील बाबी : भूमिपाताच्या उपयुक्त नोंदीत पुढील गोष्टी असाव्या लागतात : घटनेचा दिवस व शक्य तितकी अचूक वेळ, जेथून तुटण्यास सुरुवात झाली त्या माथ्याचे स्थान, घसरलेल्या भागाची लांबी, रुंदी व खोली, द्रव्य खडक आहे की माती, आधीच्या तासांतील व दिवसांतील पाऊस, आणि पूर्वचिन्हे. पूर्वचिन्हांत माथ्यावर पडलेली धनुष्याकृती भेग, तिरपी झालेली झाडे व खांब, अचानक गढूळ झालेला किंवा नव्याने फुटलेला झरा, घराच्या भिंतींना गेलेले तडे आणि चौकटीत अडकू लागलेली दारे यांचा समावेश होतो. कोसळण्याची रीत व द्रव्य यांवर आधारलेले अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड व्हार्न्स यांचे १९७८ मधील वर्गीकरण सर्वत्र वापरले जाते. नेल केन यांनी १९८० मध्ये जगातील ७३ घटनांच्या आधारे पावसाची तीव्रता व कालावधी यांचा उथळ भूमिपाताशी असलेला संबंध मांडला. पावसाने कोणती मर्यादा ओलांडली असता धोका संभवतो, हे ठरविण्याची ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. अशी मर्यादा काढण्यासाठी घटनेची वेळ व जवळच्या ठिकाणचा पाऊस हे दोन्ही ठाऊक असावे लागतात. केवळ मृतांची संख्या व तारीख दिलेल्या नोंदीतून ती काढता येत नाही.

हिमलोट-निरीक्षणाची परंपरा : या प्रकारच्या निरीक्षणाचा पाया स्वित्झर्लंडमध्ये घातला गेला. तेथील वनखात्याचे प्रमुख अधिकारी योहान कोआझ यांनी आल्प्समधील हिमलोटांच्या वाटांची माहिती वनरक्षकांमार्फत गोळा करून १८८१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एखाद्या हिमलोटाने कोणाचा बळी घेतला की नाही, यापेक्षा तो कोणत्या वाटेने व किती वेळा आला, याला त्या पद्धतीत महत्त्व होते. १९३६ मध्ये दाव्होसजवळील व्हाइसफ्लूयोख येथे हिमसंशोधनाचे कार्य सुरू झाले. १९५०–५१ च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये हिमलोटांनी मोठी प्राणहानी झाल्यानंतर तेथे धोक्याच्या क्षेत्रांचे नकाशे करून बांधकामावर बंधने घालण्याच्या कार्यास गती मिळाली. जुन्या नोंदी हाताशी असल्याने हे नकाशे करता आले. भारतात हिम व हिमलोट यांच्या अभ्यासासाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेने १९६९ मध्ये मनाली येथे स्वतंत्र संस्था स्थापन केली. हिमालयातील निरीक्षणकेंद्रांवर हिमाची जाडी, थरांची रचना, तापमान व वारा यांची नोंद करून ती हिमलोटांचे इशारे देत असे. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण संरक्षण भू-माहिती संशोधन आस्थापनेत करण्यात आले. सैन्याची वाटचाल व रस्ते सुरक्षित राहावेत, ही या कार्याची मूळ प्रेरणा होती. महाराष्ट्रातही निरीक्षणाची सुरुवात मार्गांच्या सुरक्षिततेतूनच झाली.

घाटरस्ते व लोहमार्ग : बोरघाटातून जाणारा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. याच घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये, तर थळघाटातील लोहमार्ग १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलेल्या बोरघाटातील मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरांमागे १ मी. इतका आहे. कातळ फोडून केलेल्या अशा मार्गावर पावसाळ्यात दगड येणे हे नित्याचे असल्याने येथे देखरेखीची कायमची व्यवस्था करावी लागली. रेल्वेचे गँगमन पावसाळ्यात मार्गावरून गस्त घालतात. पावसाळ्यापूर्वी डोंगरावर काम करणाऱ्या खास टोळ्या कड्यांची पाहणी करून सुटे झालेले दगड हेरतात आणि गाड्या थांबवून ते खाली पाडतात. घाटरस्त्यांवर हेच काम सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मैलकुलींकडे होते. नेमून दिलेल्या टप्प्यातील पडलेली दरड बाजूला करणे, मोऱ्या मोकळ्या ठेवणे व मुकादमास वर्दी देणे, ही त्यांची कामे. उतारावर वर्षानुवर्षे नजर ठेवणारा हा महाराष्ट्रातील पहिला निरीक्षकवर्ग होय. मात्र त्याची नजर मार्गापुरती मर्यादित होती. रुळांवर किंवा रस्त्यावर आलेली दरडच कामाच्या कक्षेत येत असे. शेजारच्या दरीत उतरलेली दरड येत नसे.

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली तेव्हा हा प्रश्न पुन्हा तीव्रतेने पुढे आला. सु. ७४० किमी. लांबीच्या या मार्गावर शेकडो ठिकाणी डोंगर खोल कापलेले आहेत. २२ जून २००३ रोजी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून पन्नासांहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. १६ जून २००४ रोजी रायगड जिल्ह्यातील करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला अपघात झाला. त्यानंतर कापलेल्या उतारांवर पोलादी जाळ्या बसविणे, उतारांची तीव्रता कमी करणे, आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक बसविणे, धोक्याच्या जागी पहारेकरी नेमणे आणि पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणे असे उपाय विस्ताराने योजण्यात आले. कोकण रेल्वेचे स्वतंत्र पावसाळी वेळापत्रक हा उताराच्या निरीक्षणातून प्रवाशांच्या रोजच्या व्यवहारात आलेला बदल होय. मुंबई–पुणे द्रुतगती महामार्गावर जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली, तेव्हाही कड्यांची तपासणी व जाळ्या हाच क्रम दिसून आला.

वस्त्यांवरील भूमिपात : लोहमार्गावर गस्त असते, तशी डोंगरपायथ्याच्या वाडीवर नसते. जुलै १९८९ मध्ये मावळ तालुक्यातील भाजे येथे दरड कोसळून ३९ व्यक्ती दगावल्या. मुंबईत १२ जुलै २००० रोजी घाटकोपर येथील टेकडीउतारावरील झोपड्यांवर दरड कोसळली. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील जुई, दासगाव, कोंडिवते व रोहण या गावांवर दरडी आल्या. एका तालुक्यात, एकाच पावसात, इतक्या ठिकाणी झालेली ही हानी भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने महत्त्वाची होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेला २००४ मध्येच भूमिपातविषयक अभ्यासाची समन्वयक संस्था म्हणून नेमण्यात आले होते. तिच्या पाहणीनंतर धोकादायक गावांच्या याद्या करणे आणि पावसाळ्यात तेथील लोकांना हलविणे, हे जिल्हा प्रशासनाच्या नित्य कामात आले.

३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण या आदिवासी गावावर डोंगराचा मोठा भाग उतरला व १५१ व्यक्ती मृत्यू पावल्या. ही घटना कोणत्याही यंत्राने टिपली नाही. त्या मार्गावर आलेल्या एस.टी. बसच्या चालकास नेहमीच्या जागी गाव दिसले नाही आणि त्याच्यामार्फत ही वार्ता बाहेर पोहोचली. घटनेनंतर कारणांविषयी वाद झाला. काहींनी अतिवृष्टीवर भर दिला, तर काहींनी पडकई योजनेतील, म्हणजे उतारावर भातशेतीसाठी खाचरे पाडण्याच्या कामातील, यंत्रांच्या वापराकडे बोट दाखविले. पडकई ही या भागातील जुनी पद्धत आहे. पूर्वी ती हातांनी व बेताने केली जात असे. अशा वादाचा निर्णय करण्यासाठी त्या डोंगराची आधीच्या काही दशकांची माहिती लागते. भेगा केव्हा पडल्या, झरे कोठे सरकले, लहान दरडी कधी व कोणत्या बाजूस आल्या, याची सलग नोंद असल्यास घसरण पावसाने झाली की कामाने, हे बरेचसे सांगता येते. ती नसल्यास घटनेनंतरच्या पाहणीवरून कारणांची केवळ संभाव्यता मांडता येते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोकांचा बळी गेला. त्याच दिवसांत रत्नागिरी जिल्ह्यातील पोसरे आणि सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथेही दरडी कोसळल्या. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वाडीवर दरड आली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावपथकांना पायी चढून जावे लागले आणि अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ मृतदेह सापडले होते व ५७ व्यक्ती बेपत्ता होत्या. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. पूर्वी जेथे हानी झाली त्या गावांना व त्यांच्यासारख्या जागांना यादीत स्थान मिळते. जेथे दरडी निर्मनुष्य रानात उतरल्या, त्या डोंगराचे वर्तन मात्र यादीबाहेर राहते. अशी यादी अपघातांचा इतिहास सांगते. उतारांचा इतिहास तिच्यात अंशतःच येतो.

बुलढाणा जिल्हा : सह्याद्रीतील या घटनांशी तुलना होईल अशी दुर्घटना बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्यास आलेली नाही. येथील पाऊस घाटमाथ्याच्या मानाने फारच कमी, सर्वसाधारणपणे वर्षास ७०० ते ८०० मिमी. आहे. तथापि हा जिल्हा उतारांपासून मुक्त नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे त्याचे ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे दोन भाग पडतात आणि लोकांच्या बोलण्यातही ही विभागणी रूढ आहे. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणारा राजूर घाट व खामगावकडे जाणारा बोथा घाट हे या दोन भागांना जोडणारे मार्ग होत. उत्तरेस सातपुड्याचे उतार आहेत. अल्प पावसाच्या प्रदेशातही एखाद्या दिवसाची अतिवृष्टी भेगाळ बेसाल्टचा कडा मोकळा करू शकते. मनुष्यहानी न झाल्याने अशा प्रदेशातील लहान दरडी मोठ्या याद्यांत येत नाहीत. म्हणून तेथे रस्ता मोकळा करणाऱ्या कामगाराची दैनंदिनी हेच मुख्य साधन ठरते.

उतारावरील घडामोडींची एक नैसर्गिक नोंदवहीही याच जिल्ह्यात आहे. लोणार येथील विवर उल्कापातामुळे झाले असून त्याचा व्यास सु. १.८ किमी. आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. दीर्घकाळ ते ज्वालामुखीजन्य समजले जात होते; १९७३ मध्ये कुर्ट फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आघाताचे खनिजवैज्ञानिक पुरावे प्रसिद्ध केल्यानंतर उल्कापाताचा सिद्धांत सर्वमान्य झाला. आघाताने विवराच्या भिंतींतील बेसाल्टचे थर उलथले व भंगले. त्या भिंती तेव्हापासून झिजत व ढासळत आल्या असून त्यांतून आलेले दगड, माती व गाळ तळाशी साचत गेला आहे. विवरातील सरोवराला बाहेर जाणारा प्रवाह नसल्याने हा गाळ तेथेच राहतो. २००८ मध्ये काढलेल्या सु. १० मी. लांबीच्या गाळाच्या नमुन्यावरून गेल्या सु. ११,००० वर्षांतील मोसमी पावसाच्या बदलांचा अभ्यास करण्यात आला. जोरदार पावसाच्या काळात काठावरून धुपून आलेले द्रव्य अधिक असते, तर कोरड्या काळात क्षारांचे प्रमाण वाढते. नदीखोऱ्यात उतरलेली दरड पुराबरोबर वाहून जाते. लोणारमध्ये मात्र ती थरांच्या रूपाने टिकून राहते. सह्याद्रीतील निरीक्षकाला जी सलगता वहीत आणावी लागते, ती येथे गाळाने आपोआप राखली आहे.

अलीकडील कार्य : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ मध्ये भूमिपातप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १ : ५०,००० या प्रमाणावर करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात पश्चिम घाटाचाही समावेश होता. भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिपात-नकाशासंग्रहात १९९८ ते २०२२ या काळातील सु. ८०,००० भूमिपातांची नोंद आहे. उपग्रहचित्रांवरून केलेल्या या नोंदीत निर्मनुष्य उतारही येतात, हा तिचा मोठा लाभ होय. तिच्या मर्यादाही आहेत. पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे मिळत नाहीत, लहान दरडी दिसत नाहीत आणि घटनेची नेमकी वेळ कळत नाही. १९ जुलै २०२४ रोजी कोलकाता येथे राष्ट्रीय भूमिपात पूर्वानुमान केंद्र सुरू करण्यात आले. पूर्वानुमानासाठी पावसाची मर्यादा ठरवावी लागते आणि ती ठरविण्यास घटनेच्या वेळेची माहिती अपरिहार्य असते. ही माहिती घटनास्थळी राहणाऱ्या माणसाकडून मिळू शकते.

याचे उदाहरण केरळमध्ये आढळते. ३० जुलै २०२४ रोजी वायनाड जिल्ह्यात मुंडक्कई व चूरलमला परिसरात झालेल्या भूमिपातात शेकडो लोक मृत्यू पावले. कल्पेट्टा येथील ह्यूम सेंटर या संस्थेने जिल्ह्यात स्थानिक लोकांच्या साहाय्याने पर्जन्यमापकांचे दाट जाळे उभारले होते आणि त्यावरील नोंदींच्या आधारे आदल्या दिवशी धोक्याचा इशारा दिला होता. इशारा आणि स्थलांतर यांमधील अंतर तेथे भरून निघाले नाही. तथापि साध्या मापकावर रोज लिहिलेला पाऊस धोका ओळखण्यास पुरेसा ठरू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

महाराष्ट्रात लोहमार्गावरील गस्तीला दीड शतकाहून अधिक काळाची परंपरा आहे, तर वस्त्यांवरील उतारांच्या पद्धतशीर नोंदीला जेमतेम दोन दशकांची. दोन्हींची साधने फारशी भिन्न नाहीत. पावसाळ्यापूर्वी माथ्याची पाहणी, सुटे दगड व भेगा यांची खूण, रोजचा पाऊस, पडलेल्या प्रत्येक लहानमोठ्या दरडीची तारीख व जागा, एवढ्या गोष्टी गावपातळीवर ठेवता येतात. त्यांस प्रशिक्षण व थोडा खर्च लागतो. शाळा, ग्रामपंचायत, तलाठी व वनरक्षक यांच्याकडे अशी नोंदवही असल्यास भूवैज्ञानिकांच्या नकाशांना स्थानिक आधार मिळतो, आणि ज्या डोंगराने अद्याप कोणाचा बळी घेतलेला नाही त्याचीही वेळीच दखल घेता येते.